मोरी बोलली की...

मराठीच्या प्राध्यापकाविषयी घरोघरी एक समजूत असते. हा गृहस्थ म्हणींचे अर्थ सांगील, वेळ पडल्यास श्लेषही सोडवून दाखवील. पण व्यवहारात याचा उपयोग शून्य! ही समजूत अगदीच खोटी नाही, हे मला २०१९च्या ऑगस्टात पटले.

माझी आत्या सांगलीला, कृष्णेच्या काठी, जुन्या घरात राहते. लहानपणी मे महिन्याची सुट्टी आम्ही तिच्याकडेच काढीत असू. तिच्या सासूबाई म्हणजे बडे प्रस्थ! पुराच्या गोष्टी निघाल्या की त्या शेवटी एकच नियम सांगत, "मोरी बोलली की निघायचं. मागं वळून बघायचं नाही." पूर चढू लागला की त्या घरात पाणी आधी दारातून येत नसे, सांडपाण्याच्या वाटेने उलटे येई आणि मोरीत गुडगुड होई. आम्हा पोरांना त्याची मोठी गंमत. आम्ही ऐन उन्हाळ्यात मोरीला कान लावून बसत असू. पुढे नोकरी लागल्यावर ते वाक्य मी वर्गात चेतनगुणोक्तीचे उदाहरण म्हणून दिले. मुले हसली. मीही हसलो.

२००५च्या पुराआधीच सासूबाई गेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर आतोबांनी भिंतीवर, पाणी चढले होते तिथे, एक रेघ ओढली आणि खाली साल लिहिले. त्या दिवसापासून घरात सासूबाईंच्या जागी ती रेघ आली.

२०१९ साली एका संध्याकाळी आत्याचा फोन आला. "अरे, मोरीतून आवाज येतोय. निघावं का?"

मी सुशिक्षित माणूस. मी विचारले, "रेघेपासून पाणी किती लांब आहे?"

"अजून दारातसुद्धा नाही."

"मग घाई कशाला करतेस, आत्या? २००५च्या वर थोडंच जाणार आहे!"

ती थांबली. माझ्या शब्दावर थांबली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. रेघ बुडाली. आतोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खालीच राहिल्या. दोन रात्री माडीवर काढल्यावर दोघांना नावेतून बाहेर आणले. आत्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच तो अधिक लागला.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते मी वाचू लागलो. इंडोनेशियात, सुमात्राच्या पश्चिमेला, सिमेउलुए नावाचे बेट आहे. १९०७ साली तिथे समुद्राच्या लाटेने मोठा संहार केला. वाचलेल्यांनी पुढच्या पिढ्यांना एक शब्द दिला, 'स्मोंग'. जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे सरला, की डोंगराकडे पळायचे, एवढे सगळे त्या एका शब्दात. गोष्टींतून, गाण्यांतून तो मुलांच्या कानी पडत राहिला. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपानंतर थोड्याच मिनिटांत त्सुनामी आली, तेव्हा 'स्मोंग, स्मोंग' अशी हाकाटी करीत माणसे डोंगराकडे धावली. सुमारे ७८,००० वस्तीत ७ जण दगावले. आचे प्रांतात मृतांची संख्या दीड लाखावर गेली.

लाट किती फूट उंच येईल, हे तो शब्द सांगत नाही. काय करायचे, तेवढे सांगतो. आमची रेघ मागचा पूर किती होता ते सांगत होती. पुढच्या पुराची हमी तिने दिलेली नव्हती; ती आम्हीच तिच्याकडून घेतली. पुलावरचे आकडे, धरणातून पाणी सोडल्याच्या सूचना हव्यातच. पण त्या ऐकून कुणी केव्हा उठायचे, हे आधी घरातच ठरलेले असावे लागते. सासूबाईंनी ते ठरवून ठेवले होते. मी त्याचा अलंकार केला.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो होतो. भिंतीवर आता वर दुसरी रेघ आहे. आत्याच्या धाकट्या नातीने विचारले, "मामा, आजी म्हणते मोरी बोलते. कशी?"

चेतनगुणोक्ती ओठांवर आली होती. ती गिळली. तिचा हात धरून मी तिला मोरीपाशी नेले, आवाज करून दाखवला, आणि पावसाळ्यात कागदांची नि औषधांची पिशवी कुठल्या खुंटीला लावायची, तीही खुंटी दाखवली.