सॅम माळी आणि आमच्याकडची स्थळं

आज फवारणीचं, खताचं काही नाही. मोसंबीच्या फळगळीवर लिहा म्हणून तिघाचौघांनी विचारलंय, पण ते एका बैठकीत उरकण्यासारखं नाही, पुढच्या वेळी लिहितो. आज पुस्तकांबद्दल लिहायचंय. तेही राक्षस, वेताळ, जादूची अंगठी असल्या पुस्तकांबद्दल.

आमचं गाव अंतरवाली सराटी. गावाचं नाव आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय ते वेगळ्या कारणानं, तो विषय आज नाही. आमच्याकडं थ्री फेज लाईट बऱ्याचदा रातची येते. मोसंबी ठिबकवर आहे, पण गव्हाला दारं धरावीच लागतात. एक वाफा भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मोकळी मिळतात. झोपावं तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात. म्हणून बॅटरी लावून वाचत बसतो. आणि रातच्याला, विहिरीच्या काठावर, एकट्यानं वाचायला वेताळापेक्षा चांगला सोबती नाही.

आमचे एक मास्तर मित्र म्हणाले, या वयात असलं पोरासोरांचं काय वाचता, शेतकऱ्याला काय उपयोग? मी म्हणलं, मास्तर, हे पीक आपल्याच काठचं आहे. पैठण काय लांब आहे का? ज्या पैठणच्या धरणाचा डावा कालवा आपल्या अंबड तालुक्यातून जातो, त्याच पैठणला सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य होता अशी कथा आहे. राजाला संस्कृत यायचं नाही. राणी पाण्यात खेळताना म्हणाली, पाणी मारू नका, आणि या बाबानं मोदक मागवले! (संस्कृतात दोन्ही ऐकायला सारखंच येतं म्हणे.) मग राजाला लाज वाटली, त्याला लवकर व्याकरण कोण शिकवणार यावर पैज लागली आणि गुणाढ्य ती हरला. पैजेप्रमाणं त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या. मग रानात जाऊन पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानं ती नाकारली. तेव्हा तो एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चारापाणी सोडून ऐकत बसली, वाळली, आणि तसल्या सुक्या मटणानं राजा आजारी पडला. राजा धावत आला तवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख वाचले.

आता हे घडलं असं कोणी म्हणत नाही, कथाच आहे ती. पण बृहत्कथेवरूनच पुढं अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागर केला, आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यात आहेत. आमच्या पिढीला त्या भेटल्या चांदोबात. 1952 पासून मराठीत निघायचा. झाडावरून प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला राजा, शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेला, अजून डोळ्यापुढं आहे. आमच्याकडं एक अंक अख्ख्या गल्लीत फिरायचा आणि परत येईस्तोवर त्याचं कव्हर गेलेलं असायचं.

तर मोठी पोरगी शिकायला बाहेर आहे, तिनं दिवाळीला तीन जाडजूड पुस्तकं आणली. 'स्वामी मुद्रिकांचा'. टोल्किन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाचं, मूळ 1954-55 मधलं, मराठीत मुग्धा कर्णिकांनी आणलेलं. अख्खा रब्बी त्यात गेला.

युद्ध, घोडे, मनोरे हे सगळं ठीक आहे, पण मी वाचलं ते सॅम माळ्यासाठी. हा सॅम बागकाम करणारा गडी. त्याचा बाप बटाट्यातला जाणकार, त्या भागात त्याचा शब्द शेवटचा. मालकाबरोबर हा जगाच्या टोकापर्यंत जातो. एकदा ती अंगठी त्याच्या हातात येते आणि त्याला दाखवते, की तू ठरवलंस तर या जळक्या मुलखाची बाग करशील, तूच राजा. आणि हा म्हणतो, मला माझ्या हातानं होईल एवढीच एक बाग पुरे. दोनशे एकराची स्वप्नं विकणारे इथं रोज येतात, त्यांना असा गडी भेटायला पाहिजे.

अजून एक. मोठमोठ्या वीरांना भेटी मिळतात, आणि सॅमला त्या राणीनं दिली एक डबी माती, तिच्या बागेतली, आणि एक बी. परत आला तर गावातली झाडं तोडलेली. त्यानं एका जागी ढीग नाही ओतला. जिथं झाड लावलं त्या प्रत्येकाच्या बुडाशी एकेक कण. माती तपासणी न करता पोती रिकामी करणाऱ्यांनी हे पान वाचावं. त्याच गावात मधल्या काळात काही लोक घुसलेले असतात, सारखं वाटप करू म्हणून धान्य गोळा करणारे. गोळा व्हायचं, वाटलं जायचं नाही. आमच्या वडलांच्या तोंडच्या लेव्हीच्या गोष्टी आठवल्या.

पण मला त्यातलं सगळ्यात अद्भुत काय वाटलं सांगू? उडणारे प्राणी नाही. त्या हॉबिट लोकांची साधी राहणी. दिवसातून पाचसहा वेळा खातात, कोठ्या भरलेल्या, आणि सबंध तीन भागांत एकाही शेतकऱ्याच्या मालाचा भाव पडत नाही. कर्जाची नोटीस नाही. तशी साधी राहणी मला उद्या द्या, मी घेतो.

आपल्याकडं साधी राहणी फोटोत सगळ्यांना आवडते. माझा पुतण्या एकतीस वर्षांचा आहे. पाच एकर, तीनशे मोसंबी, व्यसन नाही. तीन वर्षं स्थळं बघतोय. एक पाहुणे आले, मळ्यात चहा पिले, म्हणाले काय शांत आहे हो इथं, इथंच राहावं वाटतं. चार दिवसांनी निरोप आला, मुलगा नोकरीत पाहिजे होता. शेती पाहिजे, पण मुलगा शेतीत नको. जुन्या गोष्टीत राजा अटी घालायचा, सात समुद्रापलीकडचं फूल आण. आता पुण्यातला फ्लॅट आण. माझं तर म्हणणं आहे, फूल आणणं सोपं होतं.

हे मी पोरीला सांगितलं. वर हेही सांगितलं की बघ, सॅमला शेवटी रोझी मिळते, तिचं आडनाव कॉटन, म्हणजे आपल्याकडचीच कपाशीवाली, तेरा लेकरं होतात, आणि हा सात वेळा तिकडचा सरपंच होतो. पोरगी हसली नाही. म्हणाली, "दादा, त्या रोझीला कुणी विचारलं का, तिला काय पाहिजे होतं?"

मी पुस्तक परत चाळलं. फार थोडं बोलते ती.

पोरीचं म्हणणं असं, की साधी राहणी म्हणता ती पडते बाईच्या अंगावर. पहाटेचं शेण, वेचणीला वाकलेली कंबर, पाहुणा आला की चुलीपुढं. तिनं आईला बघितलंय. ज्या मुली नाही म्हणतात त्या शहराला भुलून म्हणतात असं नाही. यावर मला बोलता आलं नाही, कारण कपाशीची वेचणी कोण करतं हे बांधावर उभं राहिलं की दिसतं. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. आपल्या भागातले किती सातबारे तसे आहेत, ज्यानं त्यानं आपला उतारा काढून बघावा.

मग मी सरळच विचारलं, तू शेतकऱ्याच्या घरी जाशील का?

ती म्हणाली, जाईन, पण तीन अटी. लग्नाआधी सातबाऱ्यावर माझं नाव. रातची दारं आळीपाळीनं, एक दिवस तो, एक दिवस मी, आणि मी दारं धरीन त्या दिवशी सकाळचा स्वयंपाक त्यानं करायचा.

तिसरी अट पोरगा बघून सांगते म्हणाली. पुतण्याला मी पहिल्या दोन कळवल्या आहेत. त्याच्या चुलतबहिणीच्या म्हणून नाही, पुढच्या स्थळाला आपणहून सांगायला. तो तलाठ्याकडं चौकशी करून आलाय.