रविवारी शिरोड्याला



दिवाळीत इंग्लंडहून लेकीने फोटो पाठवले. थॉमस हार्डी या कादंबरीकाराचं डॉर्सेटमधलं जन्मघर, गवताने शाकारलेलं, पुढे बाग. त्याने आपल्या भोवतालच्या मुलुखाला वेसेक्स हे नाव दिलं आणि कादंबऱ्या तिथे घडवल्या, म्हणून लोक आजही पुस्तक घेऊन ते माळ बघत हिंडतात म्हणे. फोटो बघता बघता मला शिरोड्याची आठवण झाली. खरं तर मी ते गाव कधी पाहिलंच नव्हतं. नुसतं अक्काच्या तोंडून ऐकलं होतं.

वि. स. खांडेकर आपल्याला कोल्हापूरचेच वाटतात. जन्म सांगलीचा, 1898चा. 1938 साली ते कोल्हापूरला आले, सिनेमाच्या कथा लिहिल्या, 1959 साली ‘ययाति’ आली आणि पुढे मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे, तुमच्यापैकी कितीतरी जणी मुलांना घेऊन गेल्या असतील. पण त्याआधीची 18 वर्षं, 1920पासून, ते वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला शाळामास्तर होते. ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी 1930ची, ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ 1934च्या. म्हणजे त्या गावातल्याच.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणायचं काम माझं, वाचायचं तिचं. ‘उल्का’ मी तिच्यासाठी चार वेळा आणली असेन. तिला शिक्षिका व्हायचं होतं. अकरावीत असताना स्थळ आलं आणि शाळा सुटली. पुढे माझ्यासाठी स्थळं येऊ लागली तेव्हा ती माहेरपणाला आली होती. दादांसमोर मान वर करून कधी न बोलणारी अक्का म्हणाली, “हिला शिकू द्या. मी काही मागितलं नाही, हे मागते.” म्हणून मी बी.कॉम. झाले. अक्का गेल्या वर्षी गेली.

तिची मुलगी, माझी भाची, गाडी चालवते. तिला सुट्टी मिळाली ती शनिवार-रविवारला जोडून सोमवारची. शनिवारी तिच्याकडे पाहुणे, म्हणून निघालो रविवारी पहाटे. आणि रविवारी माझा मिठाचा त्याग असतो! सासूबाईंनी घालून दिलेला नेम, बत्तीस वर्षं चाललाय. दुधातल्या गुळाच्या दशम्या, केळी, गाळलेलं पाणी असं घेऊन आम्ही निपाणी, आजरा करत आंबोलीचा घाट उतरलो. सावंतवाडी सोडल्यावर झाडी अशी दाटली की भर दुपारी रस्ता सावलीतून. काजूला मोहोर होता.

शाळा बंद. रविवार, दुसरं काय होणार? फाटकाशी उभं राहून पाहिलं आणि वळलो.

मग मिठागरं. मैत्रिणींनो, मीठ आपण पाकिटातून ओततो. इथे खाडीचं पाणी चौकोनी वाफ्यांत घेतात, ऊन ते आटवतं, आणि तळाशी बसलेलं मीठ माणसं फावड्याने ओढून ढीग घालतात. उन्हात तो पांढरा रंग डोळ्यांत खुपतो. एका बाईचे पाय पाहिले, टाचांच्या भेगा पांढऱ्या झालेल्या. 1930 साली, पहिली कादंबरी आली त्याच वर्षी, इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. मिठावर कर असणं म्हणजे काय, हे कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला शिकले होते. त्या बाईच्या पायांसमोर उभं राहून कळलं.

खरं सांगते, निघण्याआधी ‘उल्का’ पुन्हा वाचायला घेतली तर नेट लागेना. ओळीओळीला उपमा, जरीच भरलेल्या शालूसारखी भाषा. लाट, भरती, ओहोटी, तारे, वीज. एवढं कशाला, असं वाटलं. आता वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांतून चालताना वाटलं, या माणसाने फार लांबून काही आणलेलं नाही. शाळा सुटल्यावर फिरायला निघाला की त्याच्यासमोर हेच. आपण पीठ-मिठाच्या उपमा देतो, त्याने लाटांच्या दिल्या. तरीही थोड्या कमी चालल्या असत्या, हे माझं मत कायम आहे.

राहायला एका घरगुती ठिकाणी होतो. मालकीणबाईंनी विचारलं, रात्री सुरमई करू का? भाचीने हसत आमचे नियम सांगितले. त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. “मासे नाय, कांदो नाय, आज मीठसुदीक नाय? मगे खातास तरी काय?” पण त्यांनीच माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात बिनमिठाचा भात केला, वर ओलं खोबरं. सगळं गाव सूर्यास्त बघायला किनाऱ्यावर आणि आम्ही दोघी सूर्य बुडायच्या आत ताटं संपवायच्या घाईत. शेवटचा घास आणि सूर्य जवळजवळ बरोबरच गेले.

अंधार पडल्यावर अंगणात बसलो. दिवे गेले होते. एवढे तारे मी श्रवणबेळगोळच्या लहानपणच्या यात्रेनंतर पाहिले नव्हते. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. भाचीने पिशवीतून एक जुनी वही काढली आणि मोबाइलचा उजेड पाडला. अक्काची घरखर्चाची वही. दूध, शेंगतेल, मंदिराची वर्गणी. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘कोल्हापूर ते सावंतवाडी एस.टी.’ पुढे सुटायची वेळ. त्यापुढे भाडं. ते खोडून वाढलेलं भाडं. तेही खोडून पुन्हा वाढलेलं. तीन वेगळ्या पेन्सिली होत्या.

“मला आई कधी बोललीच नाही,” भाची म्हणाली.

मलाही बोलली नव्हती. चाळीस वर्षांत मी तिला माझे पास झाल्याचे पेढे दिले, बारशाला साड्या दिल्या, शिखरजीला नेऊन आणलं. दीडशे किलोमीटरवरच्या या गावाला चल म्हणून मात्र कधी विचारलं नाही.

सोमवारी दिवस उजाडल्यावर मालकीणबाईंनी उकड्या तांदळाची पेज आणली आणि न विचारता तिच्यात चिमूटभर मीठ टाकून म्हणाल्या, “आता खावा.” निघताना पेट्रोल भरलं. भाचीने वही पुढे केली. तिसऱ्या भाड्याखाली मी पेट्रोलचा आकडा लिहिला आणि तारीख घातली.