मास्तरांचं देणं

आमच्या दैनिकाच्या कचेरीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतली इंग्रजीची नोकरी सोडून ते वर्तमानपत्रात आले होते आणि मी लागलो तेव्हा मुख्य उपसंपादक होते. रात्रपाळीला टेलिप्रिंटर खडखडत असायचा. पीटीआयचा कागद फाडून ते आम्हा नवख्यांना वाटून द्यायचे. भाषांतर हातात पडलं की नाम, क्रियापद सगळं सोडून त्यांची पेन्सिल आधी विशेषणावर जायची. बातमी खोटी होते ती बहुतेकदा विशेषणात, असं ते म्हणत. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मलाही तेच म्हणावंसं वाटतं.

१९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार होती. सुमारे ७७ टनांची ती अमेरिकी प्रयोगशाळा नेमकी कुठे कोसळेल हे अखेरपर्यंत कुणालाच सांगता येईना आणि आपल्याकडे घबराट पसरली होती. तारांमध्ये इंग्रजी विशेषणं आलटून पालटून यायची आणि आम्ही सगळ्यांना एकच शब्द लावायचो, ‘आगामी’. एका रात्री मास्तरांनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

“हे बघ, ‘फोर्थकमिंग’ला घाई नसते. पुस्तक येणार, निवडणूक येणार, ते ठरलेलं असतं. तिथे ‘आगामी’ चालेल. ‘इम्पेंडिंग’ म्हणजे डोक्यावर लटकतंय, आणि लटकणारं बहुधा वाईटच असतं. ‘इमिनंट’ झालं की हातात वेळच उरला नाही. लॅटिनमध्ये दोघांचंही मूळ माथ्यावर लटकण्या-झुकण्याचंच आहे, अंतर पुढे वापरानं पडलं. आता घरी जाऊन आईला विचार, परीक्षा ‘जवळ आली’, ‘तोंडावर आली’ आणि ‘येऊन ठेपली’ यांत काय फरक आहे. ती माझ्याहून चांगलं सांगेल.”

आईला खरंच विचारलं. तिनं क्षणभरही विचार न करता सांगितलं, की जवळ आली की अभ्यास सुरू करायचा, तोंडावर आली की जागायचं आणि येऊन ठेपली की देवाला नमस्कार करून निघायचं. हे ऐकून मास्तर इतके खूश झाले की त्यांनी ते सगळ्या डेस्कला ऐकवलं.

त्याच आठवड्यात एका मथळ्यात संकट ‘येऊन ठेपले’ असं आलं होतं. मास्तरांनी ते काढलं. स्कायलॅबचं पडणं येऊन ठेपलं होतं यात शंका नव्हती. पण पृथ्वीवर कुठेतरी कुणाला तरी इजा होण्याची शक्यता नासानं १५२ मध्ये एक अशी धरली होती. “पडणं इमिनंट आहे, संकट नाही. हे वाचून कुणाची तरी म्हातारी रात्रभर अंगणात बसून राहील,” ते म्हणाले. ११ जुलैला तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, कुणालाही लागले नाहीत. मास्तरांना त्या मथळ्याची आठवण कुणी करून दिली नाही आणि त्यांनीही काढली नाही.

मोकळेपणाची विशेषणं त्यांनी पुढे शिकवली, आणि ती जास्त अवघड निघाली. ऑक्टोबर १९८६ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह रेक्याविकला भेटले आणि करार न होता उठले. अशा भेटींच्या निवेदनांत ‘फ्रँक’ हा शब्द हमखास येतो. त्याचं ‘मनमोकळी चर्चा’ केलेलं त्यांना खपत नसे. मुत्सद्द्यांच्या भाषेत चर्चा फ्रँक झाली म्हणजे एकमेकांना तोंडावर नाही म्हटलं गेलं. वाचकाला तेच कळायला हवं. मग ते शब्दांच्या मुळात शिरत. गॉलमध्ये पूर्ण स्वतंत्र असायचे ते फ्रँक टोळीतले लोक, त्यांच्या नावावरून ‘फ्रँक’ म्हणजे आधी स्वतंत्र आणि मग स्पष्टवक्ता. ‘कँडिड’ हा लॅटिनमधला पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे खडूनं पांढरा केलेला टोगा घालत, आपला कँडिडेट तिथून आला. फ्रँक माणूस न भिता बोलतो, कँडिड माणूस काही लपवत नाही, आणि या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

‘फोर्थकमिंग’ मात्र त्यांचा लाडका शब्द. पोलीस अधिकारी फोर्थकमिंग नव्हते, असं तारेत आलं की ते पेन्सिलीनं लिहायचे, “हातचं राखून बोलले.” येऊ घातलेल्या पुस्तकाला जो शब्द, तोच न विचारता सांगणाऱ्या माणसालाही, दोन्हीकडे आतलं काहीतरी आपणहून पुढे येतं. मास्तर स्वतः तसे होते. पगार किती, कर्ज किती, मुलीच्या लग्नाची काळजी किती, सगळं सांगून टाकायचे.

शेवटी फुप्फुसाच्या दुखण्यानं ते रुग्णालयात होते. मी भेटायला गेलो त्या दुपारी डॉक्टर काकूंशी घाईत इंग्रजीत बोलून गेले, आणि त्यात ‘इमिनंट’ होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणाले रे? उतार पडेल ना?”

चार गुळमुळीत वाक्यं तयार होती. त्यांतलं एकही मास्तरांच्या पेन्सिलीखालून सुटलं नसतं.

“नाही काकू. वेळ येऊन ठेपली आहे. ताईला आत्ता फोन करा, आजच्या गाडीनं निघू दे.”

काकू रडल्या नाहीत. पर्समधून छोटी डायरी काढून त्यांनी नागपूरचा नंबर मला वाचून दाखवला आणि मी फोन लावला. ताई सकाळी पोचली तेव्हा मास्तर शुद्धीवर होते, बापलेकीचं बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. ती भेट घडवल्याचं श्रेय काकू मला देतात. मी दर वेळी त्यांना सांगतो की ते माझं नाही, आणि त्या दर वेळी मला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.