मनाचा वैद्य पाहताना

दाढ दुखू लागली म्हणजे कोणाकडे जावे, हे आमच्या साताऱ्यात कोणीही सांगेल. सांगणारा नुसता पत्ता देऊन थांबत नाही; "हात हलका आहे हो त्यांचा," अशी शिफारसही जोडतो. डोळ्यांचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, लहान मुलांचा डॉक्टर, सर्वांची ख्याती अशी तोंडोतोंडी गावभर झालेली असते. ती नसते फक्त मनाच्या डॉक्टरची. त्याच्याकडे जाऊन बरी झालेली माणसे गावात पुष्कळ असतात, पण ती बोलत नाहीत. जिन्यात कोणी ओळखीचे भेटलेच, तर वरच्या मजल्यावरच्या विमा-एजंटाकडे आल्याचे सांगतात! त्यामुळे प्रत्येक नव्या रोग्याला आपला वैद्य पहिल्यापासून शोधावा लागतो. मलाही लागला. ज्यांना पुढे हीच वाट चालायची असेल त्यांचे दोनचार फेरे वाचावेत, एवढ्याचसाठी तो शोध इथे सांगते.

माझे दुखणे सुरू झाले ते वर्गात. २०२३ च्या जानेवारीत एका सकाळी हजेरी घेताना छाती एकदम धडधडू लागली, तळहात ओले झाले, समोरची बाके दूर दूर जात आहेत असे वाटले. आता आपण इथेच कोसळणार! पाणी पिऊन, खुर्चीचा आधार घेऊन तो तास कसाबसा निभावला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन महिन्यांत मी हजेरी घेणे बंद केले, उभे राहून शिकवणे बंद केले, व्याख्यानांची आमंत्रणे नाकारू लागले. घरच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, थायरॉइड तपासले. सगळे ठीक. ते म्हणाले, "बाई, हे भीतीचे झटके. पॅनिक म्हणतात याला. हृदयाला काही झालेले नाही. सीबीटी करणारा एखादा चांगला माणूस गाठा." हा चांगला माणूस कुठे राहतो, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हते. आत्याबाईंनी दृष्ट काढायला सांगितली, सहकाऱ्यांनी रजा घ्यायला सांगितले. मी मात्र राजीनाम्याचा कागद लिहून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. वीस वर्षे ज्या वर्गात मी सुखाने उभी राहिले, त्याच्या दाराशी आता पाय अडखळत होते.

सीबीटीला मराठीत 'बोधात्मक वर्तनोपचार' असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून रोगी आणखीच घाबरावा! पण आतली गोष्ट सोपी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला अॅरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. १९६० च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की, खिन्न माणसाच्या मनात बोलण्याच्या आड एक दुसरेच बोलणे अखंड चालू असते. 'मी नालायक आहे', 'हे जमायचे नाही', अशी छोटी छोटी वाक्ये आपोआप उमटतात आणि माणूस ती तपासून न पाहता खरी मानतो. ती वाक्ये पकडायची, पुराव्यावर घासून पाहायची आणि प्रत्यक्ष वागून त्यांची परीक्षा घ्यायची, असा हा उपचार. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून याच्या जवळची पद्धत चालवली होती. एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलायची भीती घालवण्यासाठी आपण महिनाभर बागेत जाऊन शंभर अनोळखी स्त्रियांशी बोललो, असे ते सांगत. त्यांतली एकच भेटायला येते म्हणाली, आणि तीही आली नाही. पण भीती मात्र गेली! मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही विद्या आपल्याकडे रुजवली. अंजली जोशी यांनी तर एलिसवर मराठीत कादंबरीच लिहिली आहे.

सज्जनगडाच्या सावलीत राहणाऱ्या आम्हा सातारकरांना मनाशी बोलण्याचे नवल नाही. समर्थांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून लिहिले. फरक एवढाच की, श्लोकांत मनाला उपदेश आहे, आणि सीबीटीत मनाची उलटतपासणी. हा फरक मला कळला तो पहिले 'स्थळ' पाहिल्यावर.

होय, स्थळच! वैद्य शोधणे हे पुष्कळसे स्थळ पाहण्यासारखे असते. पत्रिका जुळते आणि माणूस जुळत नाही, किंवा माणूस बरा वाटतो आणि पत्रिकाच नसते. माझे पहिले स्थळ या दुसऱ्या जातीचे. पाटीवर 'समुपदेशक व सीबीटी तज्ज्ञ' असे ठळक लिहिले होते. गृहस्थ गोड बोलणारे. पाऊण तासातला अर्धा तास तेच बोलले. सकारात्मक राहा, पहाटे उठा, भूतकाळ विसरा. मला वाक्यावाक्याला वाटत होते की, हे निरोपसमारंभाचे भाषण आपण पूर्वी ऐकले आहे. माझ्या मनात त्या क्षणी काय येते, हे त्यांनी विचारलेच नाही. निघताना शिक्षणाची चौकशी केली, तेव्हा शनिवार-रविवारच्या एका छोट्या वर्गाचे प्रमाणपत्र निघाले.

तेव्हापासून मी पत्रिका नीट वाचायला शिकले. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे आधी एम. बी. बी. एस. आणि मग मनोविकारशास्त्रातली पदवी घेतलेला डॉक्टर. तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. एम. ए. नंतर रुग्णांमध्ये काम करत दोन वर्षांचे एम. फिल. ही त्याची आजवरची रुळलेली वाट. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव आणि क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. समुपदेशकांत उत्तम शिकलेली माणसेही असतात, पण त्या शब्दाच्या आड कोणीही बसू शकतो. शिवाय पदवी मोठी असली म्हणजे सीबीटी येतेच असेही नाही. तिचे वेगळे शिक्षण घेतले आहे काय, कोणा जाणत्याच्या देखरेखीखाली काम केले आहे काय, हे निराळे विचारावे लागते.

दुसऱ्या स्थळाची पत्रिका निर्दोष होती. पुण्याचे तरुण मानसशास्त्रज्ञ, शिक्षण पक्के, वेळेचे चोख. सारे इंग्रजीत चाले. मला इंग्रजी येते, त्यामुळे अडचण अशी नव्हती. त्यांनी विचारले, वर्गात भीती दाटते तेव्हा मनात नेमके कोणते वाक्य येते? मी म्हटले, "माझी शोभा होईल." त्यांनी वहीत लिहिले, 'आय विल बी एम्बरॅस्ड.' आणि पुढचे तीन आठवडे आम्ही त्या इंग्रजी वाक्यावर उपचार केले! ते वाक्य बरे झाले, मी होते तशीच राहिले. कारण एम्बरॅस होणे म्हणजे चारदोन क्षण ओशाळणे. 'शोभा होणे' त्याहून किती निराळे! त्यात चारचौघे आहेत, कुजबुज आहे, नंतर घरोघरी होणारी चर्चा आहे, 'अमक्याची मुलगी' आहे. सौंदर्याचा शब्द घेऊन त्याची बेअब्रू करणारी ही आपली भाषा मी जन्मभर वर्गात उलगडून सांगत आले. माझ्या भीतीचा मुक्काम त्या शब्दात होता आणि इंग्रजी भाषांतरात तो हरवत होता. त्या तरुणाचे ज्ञान कमी नव्हते. पण ज्या भाषेत मन स्वतःला घाबरवते, त्याच भाषेत त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

तिसऱ्या बाईंना मी आधी फोनवर प्रश्न विचारले. भीतीच्या झटक्यांचे रोगी किती पाहता? किती बैठका लागतील? घरी काही करायला देता काय? गुण येतो आहे हे कशावरून ठरवता? मराठीत बोलता येईल काय? पैसे किती? त्या रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "विचारलेत ते बरे झाले. बारा ते पंधरा बैठका धरून चला. सहाव्या बैठकीला हिशेब करू. फरक दिसला नाही तर उपचार बदलू, नाहीतर दुसरे कोणी सुचवीन." शंभर टक्के बरे करण्याची हमी त्यांनी दिली नाही. त्या हमी न देण्यानेच माझा विश्वास बसला.

पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले, "शोभा होईल म्हणजे काय काय होईल?"

"मुले हसतील."

"किती?"

"वर्गात ७२ आहेत. निदान ४० तरी."

"आणि मग?"

पुढचे मला सांगता येईना. कारण पुढे वर्ग नव्हताच, आजोळच्या ओसरीवर बसलेल्या बायका होत्या. बाई म्हणाल्या, "छान. आता ४० हा आकडा लिहून ठेवा. तो खरा आहे काय, ते पाहू."

मग गृहपाठ सुरू झाले. जन्मभर दुसऱ्यांना गृहपाठ देणारीला ही शिक्षाच! खोलीतल्या खोलीत मिनिटभर धावून मुद्दाम छाती धडधडवायची आणि पाहायचे की, धडधडीने माणूस कोसळत नाही. दर झटक्यानंतर प्रसंग, मनातले वाक्य, भीती शंभरात किती, वाक्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, असे रकाने भरायचे. आणि शेवटी मोठी परीक्षा. भर तासात बोलता बोलता मुद्दाम अर्धा मिनिट गप्प उभे राहायचे. राहिले. कोणीही हसले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. मागच्या बाकावरची काही मुले मोबाईलमधून मान वर काढून पुन्हा खाली गेली. एकाने विचारले, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" ४० च्या जागी मी शून्य लिहिले, आणि ते शून्य पाहून मला हसू आले.

चौदा बैठका झाल्या. छाती आजही कधी धडधडते, पण ती धडधडली तरी हजेरी पुढे चालू राहते. राजीनाम्याचा कागद पर्समधून कधीच गेला. खर्च झाला, पुण्याच्या फेऱ्या झाल्या. पुढच्या काही बैठका घरी बसून पडद्यावर केल्या आणि त्यांनी काही बिघडले नाही. मात्र दार लावून बसायला एक खोली हवी. स्वयंपाकघराच्या ओट्याशी हे काम होत नाही.

सीबीटी म्हणजे सर्व दुखण्यांवर एकच मात्रा नव्हे. झोप, भूक पार गेली असेल, भलते आवाज ऐकू येत असतील, जीव नकोसा झाला असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. औषध आणि हा उपचार यांचे वैर नाही; पुष्कळदा ती एकमेकांना हात देतात. अडल्या वेळी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो २०२२ मध्ये सुरू झाला, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

स्थळ पसंत पडले नाही तर नाही म्हणावे, पण एक-दोन भेटींत नव्हे. चारसहा बैठका द्याव्या, आणि खटकते ते आधी वैद्यालाच सांगावे. चांगला वैद्य त्यावर चिडत नाही, त्याचीही नोंद करतो. जो नुसता ऐकून घेतो तो मित्र झाला, आणि जो नुसते सांगतो तो कीर्तनकार. दोघेही थोरच, पण हे काम त्यांचे नाही.

पहिल्या भेटीला जाताना एवढे करा. रात्री छातीवर बसणारे जे वाक्य असेल, ते आपल्या बोलीत, जसे उमटते तसे, एका कागदावर लिहून न्या. व्याकरण सुधारू नका, सभ्यही करू नका. ते वाचून जो वैद्य त्यातल्या शब्दाचा अर्थ तुम्हालाच विचारील, त्याच्यासमोर निश्चिंतपणे बसा.