चार पावलं मागे

दिवाळीच्या सुटीत लालबाग-परळच्या शाळांमधली बाकं एकावर एक चढून भिंतीला लागतात आणि वर्गांच्या फरशीवर रांगोळ्या उतरू लागतात. दारापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या या नव्हेत. ही व्यक्तिचित्रं असतात: शिवाजी महाराज, बाबासाहेब, लता मंगेशकर, एखाद्या कोळिणीचा सुरकुतलेला चेहरा, त्या वर्षी गाजलेला क्रिकेटपटू. रांगोळीत लेक कलर मिसळून कातडीच्या छटा एकामागून एक तयार करायच्या, चिमटीतून त्या सोडायच्या, खिडक्या बंद ठेवायच्या आणि पंख्याच्या बटणाला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. पाय पडू नये म्हणून कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात करायची हे आधीच ठरवावं लागतं. एका चेहऱ्यात रात्रच्या रात्र जाते. मग नाममात्र तिकीट लागतं, जिन्यावर रांग लागते, आणि काही दिवसांनी झाडू फिरून सगळं संपतं.

मुंबईच्या कलाविश्वाच्या बातम्यांत या प्रदर्शनांना जागा नसते. समीक्षक फिरकत नाहीत, विक्रीचा प्रश्नच येत नाही, पुस्तिका छापली जात नाही. पण पुनरावलोकनी प्रदर्शनं पाहत आणि त्यांच्यावर लिहीत आलेल्या प्रस्तुत लेखकाला इथल्या रांगेत उभं राहताना एक गोष्ट नेहमी जाणवते. चित्राबद्दल इतक्या मोकळेपणाने, ‘डावा डोळा चुकलाय बघ’ असं ठणकावून बोलणारा प्रेक्षक काळा घोड्याच्या कुठल्याही दालनात सापडत नाही.

रांगोळीवाल्यांना अख्खा वर्ग मिळतो, म्हणून त्यांचे चेहरे भव्य होतात. या भागातल्या कलेचा इतिहास जागेच्या हिशेबानेच वाचावा लागतो. रस्ता किंवा मैदान मिळालं तिथे इथला कलाकार बेफाम मोठा झाला. लालबागच्या गणेश गल्लीत मंडळाचा गणपती 1928 पासून बसतो. तिथल्या उंच मूर्तींमुळे दीनानाथ वेलिंग हे नाव घरोघर पोचलं. परळला विजय खातूंनी अवाढव्य मूर्ती घडवल्या. 2017 च्या जुलैत ऐन हंगामात ते गेले आणि कारखाना त्यांच्या मुलीने, रेश्मा खातूंनी, पुढे चालवला. 2020 मध्ये करोनामुळे सरकारने मंडळांच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली, तेव्हा वीस-बावीस फुटांच्या प्रमाणात विचार करायला सरावलेल्या हातांना छोट्या मूर्तीचं प्रमाण नव्याने बसवावं लागलं. शिल्पकलेत हे सोपं नसतं. उंच मूर्तीचा चेहरा खालून बघणाऱ्यासाठी घडवलेला असतो, चार फुटांची मूर्ती मात्र बघणाऱ्याच्या नजरेला नजर देते.

घरात मात्र उलटं. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात संसार, कॉट, कपाट, आणि मुलगा जेजे स्कूल ऑफ आर्टला असेल तर ईझल. चित्र रंगवताना दर थोड्या वेळाने चार पावलं मागे सरकून ते पाहावं लागतं. कुठल्याही कलाशाळेत पहिल्या वर्षी हेच सांगतात. इथे दोन पावलांत पाठ कपाटाला टेकते. कॅनव्हास किती मोठा घ्यायचा हे बऱ्याचदा चाळीचा जिना ठरवतो. वळणावर चौकट अडकते, मग खिळे काढून कॅनव्हास गुंडाळायचा, स्ट्रेचरच्या पट्ट्या सोडवायच्या आणि दालनात पोचल्यावर सगळं पुन्हा ताणून बसवायचं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री चित्रकार काय करतो, याचं एवढं साधं उत्तर आहे.

चित्रकार वासुदेव गायतोंडेही अशाच दाटीत, गिरगावात वाढले. 1924 साली नागपुरात जन्म, बालपण गिरगावच्या चाळीत, 1948 ला जेजेची पदविका. त्यांच्या कॅनव्हासवरचा तो विस्तीर्ण, कशालाही न अडखळणारा अवकाश चाळीतल्या दाटीवरची प्रतिक्रिया होता, असं सोपं समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण त्याच चाळींतून गजबजलेली चित्रं काढणारेही निघाले. 2013 च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं. गिरगावात मात्र त्यांचं चित्र पाहायला मिळेल अशी एकही सार्वजनिक भिंत नाही.

गिरगावची स्वतःची भिंत होती ती छापील. दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं तर कोकणातल्या देवघरापर्यंत पोचली. दोघेही गोव्यातून आलेले. दंडवतीमठांच्या नूतन कलामंदिरात शिकायला येणारी मुलं, छापखाने, ब्लॉकमेकर आणि प्रकाशक हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात होतं. ग्रँट रोडच्या बाजूला हुसेन नावाचा तरुण सिनेमाची होर्डिंग रंगवत होता. मराठी मध्यमवर्गाने पहिलं रंगीत चित्र दालनात पाहिलं नाही, दिवाळी अंकावर पाहिलं. त्या चित्रांना ‘व्यावसायिक’ म्हणून बाजूला ठेवायची कलासमीक्षेची सवय अजून गेलेली नाही. दलालांचा रेषेवरचा ताबा पाहिलेल्या माणसाला ही सवय पटणं कठीण आहे.

दालनाच्या भिंतीवर जायचं तर रस्ता दक्षिणेकडे जातो. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. प्रवेश फुकट, मंगळवार ते सोमवार असा एका प्रदर्शनाचा आठवडा, आणि अर्ज केल्यापासून तारीख हाती येईपर्यंत काही वर्षांची प्रतीक्षा. या प्रतीक्षेचा परिणाम चित्रांवर होतो, हे फारसं कुणी बोलत नाही. तिशीत अर्ज केलेल्याची शैली तारीख येईपर्यंत बदललेली असते. मग जुनी चित्रं लावायची की नवी, हा पेच. फ्रेमिंग, टेम्पो, भाडं, निमंत्रणपत्रिका आणि उद्घाटनाचा चहा हा खर्च आधी होतो, विक्री झालीच तर नंतर. ज्यांना तेवढा धीर नाही ते बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडतात, आणि त्यांच्यासमोर थांबणाऱ्यांची संख्या आतल्यापेक्षा कमी नसते. 1964 पासून चित्रकारांना तासन्‌तास बसू देणारं गॅलरीतलं ‘समोवार’ हे उपाहारगृह 2015 च्या मार्चमध्ये बंद झालं. त्यामुळे आत-बाहेरच्या मंडळींना एका टेबलावर आणणारी सोयही गेली.

भिंतीवर काय लागावं हे ठरवतं कोण? हा प्रश्न मुंबईत उघडपणे निघाला तो 8 फेब्रुवारी 2019 रोजी, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. निमित्त होतं प्रभाकर बरवे यांच्या पुनरावलोकनी प्रदर्शनाचं. नागावात जन्मलेले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे चित्रविचाराचं पुस्तक मराठीत लिहिणारे बरवे 1995 मध्येच गेले होते. बोलायला उभे राहिले अमोल पालेकर, स्वतः जेजेत शिकलेले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाली आहे आणि यापुढची प्रदर्शनं दिल्लीतून ठरतील, ही तक्रार त्यांनी मांडायला घेतली. त्यांना मध्येच थांबवून फक्त बरव्यांबद्दल बोला असं सुचवण्यात आलं. त्यावर दोन दिवस वृत्तवाहिन्यांवर अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा झाली. मूळ मुद्दा त्यात मागे पडला, आणि तो जास्त महत्त्वाचा होता. शहरातल्या सरकारी दालनाचं पुढच्या दोन वर्षांचं वेळापत्रक त्या शहरात चित्रं पाहत फिरणाऱ्यांनी करायचं की दिल्लीतल्या मंत्रालयाच्या टेबलावर व्हायचं?

सुधीर पटवर्धनांचं प्रदर्शन त्याच संग्रहालयात 2019 च्या अखेरीस झालं, ही त्यातली दिलाशाची गोष्ट. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत करत त्यांनी लोकल, पूल, इराण्याची हॉटेलं आणि कामावरून परतणारी माणसं रंगवली. त्यांच्या ‘लोअर परळ’मध्ये गिरण्यांच्या भागाची बदलती उंची दिसते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर या भागाचं काय झालं, यावर अहवाल पुष्कळ आहेत. पटवर्धनांच्या चित्रांत मात्र इथला माणूस खांदे कसे टाकून चालतो, हे दिसतं.

दिवाळी उतरली की प्रदर्शनांचा खरा हंगाम सुरू होतो. 1888 ची बॉम्बे आर्ट सोसायटी आणि 1918 ची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शनं, राज्य कला प्रदर्शन, जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव. वार्षिक प्रदर्शनात अनोळखी नावं पाहावीत. 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवणारी अमृता शेरगिल तेव्हा पंचविशीचीही नव्हती. महोत्सवाच्या गर्दीत चित्र पाहण्याच्या भानगडीत पडू नये. ती वेळ सेल्फीची असते. दादर-परळकरांना जवळची ठिकाणं दोन: प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीचं कलादालन आणि वरळीचं नेहरू सेंटर. जुन्या मराठी चित्रकारांची नेहरू सेंटरमधली प्रदर्शनं नीट जुळवलेली असतात.

तरीही लालबाग, परळ, गिरगावात स्वतःचं, बारमाही दालन नाहीच. पटसंख्या घटल्याने महापालिकेच्या मराठी शाळांत रिकामे पडलेले वर्ग मात्र आहेत, आणि दिवाळीत ते रांगोळीला दिले जातातच. त्यातला एखादा वर्षभर दिला तर लागणारं सामान फार नाही: भिंतीला टांगायची पट्टी, डोळ्यांवर न येणारे दिवे, संध्याकाळी सात ते नऊ थांबणारा एक माणूस, कारण इथला प्रेक्षक कामावरून आल्यावरच मोकळा असतो. निवड समितीत दोन चित्रकार, एक रांगोळीवाला आणि एक मूर्तिकार असावा. मंडळांपैकी कुणी पुढाकार घेतला, तर पहिला वाद विजेच्या बिलावरून होईल.