लांबचे आणि जवळचे

व्यापारी घरातील माणसाला खरेदी शिकवावी लागत नाही. मूठभर माल हातात घेऊन दाणा पारखणे, भाव उतरण्याची वाट पाहणे, पोत्यामागे किती सुटेल याचा मनातल्या मनात हिशेब मांडणे हे सारे तो लहानपणीच गादीवर बसून शिकलेला असतो. दुकानाच्या खरेदीला एक सोयही असते. माल कोणाला आणि कशासाठी विकायचा हे आधीच ठरलेले असते. स्वतःच्या हौसेची वस्तू घेताना मात्र गिऱ्हाईक आपणच असतो, आणि या गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे हे पुष्कळदा त्याचे त्यालाही उमगलेले नसते. उतारवयात घेतला जाणारा कॅमेरा ही अशीच एक वस्तू होय.

भीमाकाठच्या एका तालुक्याच्या गावी किराणा-भुसाराची जुनी पेढी चालविणारे एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यात या पेचात सापडले होते. गावात त्यांना सारे अण्णा म्हणतात. वय त्रेसष्ट. दुकानाचा व्यवहार मुलाच्या हाती सोपवून झाला आहे, आणि उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर, भिगवणच्या बाजूस, हिवाळ्यात उतरणारे पक्षी पाहण्याचा त्यांना नाद आहे. कॅमेऱ्यासाठी त्यांनी एक रक्कम वेगळी काढून ठेवली होती. त्या रकमेत दोन वस्तू बसत होत्या. एक, निकॉनचा कूलपिक्स पी ९५० हा सुपरझूम ब्रिज कॅमेरा. दुसरा, कॅननचा ईओएस आर ५० हा प्राथमिक श्रेणीचा मिररलेस कॅमेरा, सोबत मिळणाऱ्या किट लेन्ससह. किमतीत फारसे अंतर नसल्याने निर्णय किमतीवर सोडता येत नव्हता.

ब्रिज म्हणजे पूल. खिशात मावणारा साधा कॅमेरा आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा यांच्यामधला दुवा म्हणून हे नाव पडले. त्याची लेन्स कायमची जोडलेली असते. ती काढता येत नाही, आणि काढण्याची गरजही भासू नये इतका तिचा पल्ला लांब असतो. मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेली प्रतिमा आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोहोचत असे. तो आरसा काढून टाकून प्रतिमा थेट इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दाखविण्याची रीत २००८ साली आलेल्या पॅनासॉनिक ल्युमिक्स जी १ पासून रुळत गेली. आरसा गेल्याने अंग हलके झाले, लेन्स बदलण्याची सोय मात्र कायम राहिली.

पल्ल्याच्या बाबतीत ब्रिज कॅमेऱ्यासमोर कोणी टिकत नाही. पी ९५० ची लेन्स ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे ८३ पट झूम. याच घराण्यातील २०१८ सालचा पी १००० तर ३००० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. मात्र त्याचे वजन १४१५ ग्रॅम आहे. २००० मिलिमीटरवर पौर्णिमेचा चंद्र चौकटीचा बराचसा भाग व्यापतो. आर ५० ला तुलनेने स्वस्त अशी ५५-२१० ची लांब लेन्स जोडली तरी त्याच मापाने तिचा पल्ला ३३६ मिलिमीटरवर थांबतो. म्हणजे पी ९५० मध्ये जो पट्टकादंब चौकट भरून टाकतो, तो या लेन्समधून चौकटीच्या रुंदीचा सुमारे सहावा आणि क्षेत्रफळाचा सुमारे छत्तिसावा हिस्साच व्यापील. पुढे संगणकावर कापून मोठा करू म्हटले, तर छत्तीस भागांतील एका भागात जेवढा तपशील उतरला असेल तेवढाच हाती लागेल.

परंतु हा पल्ला फुकट मिळत नाही. प्रकाश झेलणारी सेन्सर नावाची जी चकती कॅमेऱ्यात असते, ती पी ९५० मध्ये करंगळीच्या नखाहूनही लहान, साधारण २८ चौरस मिलिमीटरची आहे. ती लहान आहे म्हणूनच प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरची लेन्स २००० चे काम करू शकते आणि सारा कॅमेरा एक किलोच्या आसपास राहतो. आर ५० चा सेन्सर सुमारे ३३२ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ बारा पट मोठा. पावसाचे पाणी साठवायला वाटी ठेवावी की परात, तसाच हा फरक आहे. दुपारच्या उन्हात वाटीही भरून वाहते. कातरवेळी, माजघरात किंवा एका दिव्याच्या उजेडात वाटीत पुरेसे काही जमत नाही, आणि मग चित्रावर बारीक रवा पसरल्यासारखे दाणे दिसू लागतात.

येथे विक्रेता सहसा न सांगणारी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आर ५० बरोबर येणाऱ्या १८-४५ लेन्सचे तोंड अरुंद आहे. परात मोठी असली तरी तिच्यावर धरलेले नरसाळे बारीक, त्यामुळे मोठ्या सेन्सरचा बराचसा लाभ तेथेच आटतो. तो पुरता पदरात पडायचा तर एफ १.८ ची ५० मिलिमीटरची लहान लेन्स वेगळी घ्यावी लागते. किट लेन्स पुरती ओढली असता जेवढा प्रकाश आत येतो, त्याच्या सुमारे बारा पट प्रकाश ही १६० ग्रॅमची लेन्स आत सोडते. म्हणजे ब्रिज कॅमेरा हा एकरकमी सौदा आहे. पैसे मोजले की विषय संपला. मिररलेस हे उघडलेले खाते आहे, त्यात पुढेही भरणा करावा लागतो. त्या खात्याच्या बाजूने एवढे म्हणता येते, की आज घेतलेली लेन्स उद्या त्याच जातीच्या नव्या बॉडीवरही चालते. ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर जुना झाला की त्याच्याबरोबर चांगली लेन्सही निकालात निघते.

धुळीचा हिशेब वेगळा. मिररलेसची लेन्स बदलताना सेन्सर क्षणभर उघडा पडतो, आणि किराणा दुकानात तर मिरचीची पूड व पीठ हवेतच तरंगत असते. ब्रिज कॅमेरा उघडावाच लागत नसल्याने ही चिंता राहत नाही. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढण्याचे भय मात्र दोहोंना सारखेच. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय होय.

मुलाने मध्येच एक सूचना केली. बिल पेढीच्या नावावर घ्यावे, म्हणजे कर तरी वळता होईल. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला असला, तरी ही रक्कम लहान नव्हे. अण्णांनी ती सूचना तेथेच थांबविली. वैयक्तिक उपभोगासाठी घेतलेल्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, हे कायद्याच्या कलम १७ (५) मध्ये स्पष्ट आहे. आणि पक्ष्यांचे फोटो काढणे हा पेढीचा धंदा नव्हता. ‘हौस माझी आहे, तिचा कर मीच भरीन,’ एवढेच ते म्हणाले. मुलाने पुन्हा तो विषय काढला नाही.

इथवर अण्णांचा कल ब्रिज कॅमेऱ्याकडे होता. त्यांच्या व्याह्यांकडे पी ९५० होताच. पाणफुगवट्यावर होडीतून टिपलेल्या रोहित पक्ष्याच्या डोळ्याचा पिवळा रंग व्याह्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखविला होता, आणि तो अण्णांच्या मनातून जात नव्हता. निर्णय बदलला तो घरातल्या एका प्रश्नाने.

अण्णांच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. घरात लहानथोर त्यांना बाई म्हणतात. त्यांचा बहुतेक दिवस माजघरात जातो, आणि जुन्या वाड्याच्या त्या माजघराला एकच खिडकी आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून फ्लॅशचा झोत त्यांना सहन होत नाही. त्याच माजघरात अण्णांच्या वडिलांची तसबीर आहे. वडील गेले तेव्हा त्यांचा एकही स्वतंत्र फोटो घरात सापडला नव्हता. कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून तो मोठा करून घेतला गेला. कपाळ आणि टोपी ओळखू येते. डोळे कोठे पाहत आहेत ते कळत नाही. त्या तसबिरीकडे पाहत अण्णांच्या पत्नीने विचारले, ‘अहो, बाईंचाही असाच कोणाच्या तरी लग्नातून कापून काढायचा का?’

अण्णांनी त्यावर लगेच उत्तर दिले नाही. सवयीप्रमाणे वही घेतली आणि लांब व जवळ असे दोन रकाने आखले. मोबाइलमधील वर्षभराचे फोटो एकेक पाहून ते खुणा करीत गेले. जवळचा रकाना भरून दुसऱ्या पानावर गेला. त्यात नात होती, दिवाळीचे वहीपूजन होते, दुकानातला जुना दिवाणजी होता, आणि बाईंचे धूसर, हललेले, अर्धवट अंधारातले पुष्कळ फोटो होते. लांबच्या रकान्यात चंद्र होता आणि पाण्यावरचे काही ठिपके. मुलाने रास्त आक्षेप घेतला: ‘अण्णा, मोबाइलने लांबचे टिपताच येत नाही, म्हणून तो रकाना रिकामा आहे. हा ताळेबंद एकतर्फी झाला.’ अण्णांना तो पटला. मग त्यांनी फोटो सोडून दिवस मोजले. पाणफुगवट्यावर जाणे वर्षाकाठी आठ-नऊ सकाळी होत होते. उरलेले सारे दिवस घरात आणि दुकानात, बहुधा कमी उजेडात, चार हातांच्या आतल्या माणसांमध्ये जात होते.

खरेदीपूर्वी त्यांनी एक परीक्षाही घेतली, आणि ती कोणालाही करता येण्याजोगी आहे. कॅमेऱ्याच्या दुकानात दर्शनी भागाच्या लखलखाटात सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. अण्णांनी स्वतःचे मेमरी कार्ड नेले, विक्रेत्याला मागच्या अंधाऱ्या साठवणीच्या खोलीत उभे केले आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी, फ्लॅश न लावता, त्याचा चेहरा टिपला. मिररलेसला ५० ची लेन्स लावली होती. घरी संगणकावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडल्यावर वहीतील रकान्यांनी सांगितलेलेच पुन्हा दिसले. एकात भुवईचा केस न् केस मोजता येत होता. दुसऱ्यात भुवई असल्याचे कळत होते. अण्णांनी आर ५० घेतला, आणि ठरविलेल्या रकमेवर थोडी भर घालून ती लहान लेन्सही घेतली. या बॉडीवर तिचा पल्ला ८० मिलिमीटरसारखा भासतो. चेहऱ्यासाठी हे माप सोयीचे असते.

मकरसंक्रांतीच्या आधी बाई खिडकीशी तीळ निवडीत बसल्या होत्या, तेव्हा अण्णांनी त्यांचा फोटो घेतला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि ‘कानातल्याचा खडा पडलाय की रे, आणि कोणी सांगितलं नाही मला,’ असे म्हणून सुनेला सोनाराकडे पाठविले. तो फोटो भिंतीवर लावलेला नाही. अण्णांच्या वहीत ठेवला आहे.

या निवडीत काही गमावले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. भिगवणला गेल्यावर रोहित पक्ष्यांचा थवा अण्णांच्या कॅमेऱ्यात गुलाबी रेघ होऊन उतरतो, आणि व्याही आपल्या पडद्यावर त्याच थव्यातील एकेक चोच दाखवितात. व्याह्यांनीही चूक केलेली नाही. ते पाण्यापासून हाकेच्या अंतरावर राहतात, रोज पहाटे होडीत असतात, त्यांना लेन्स बदलण्याची दगदग नको आहे आणि त्यांचा बहुतेक विषय उन्हातच असतो. त्यांच्यासाठी ब्रिज कॅमेरा हाच योग्य सौदा होय. दिवस वर चढला आणि पाण्यावरून झळा उठू लागल्या की लांब पल्ल्याची चित्रेही थरथरू लागतात; त्यापुढे कोणत्याच कॅमेऱ्याचे काही चालत नाही, हे व्याहीच सांगतात. अण्णा अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवतात आणि दुर्बीण काढतात. घरी मात्र १००-४०० च्या लेन्ससाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला पडू लागली आहे. उघडलेले खाते असे चालूच राहते.

घरात कॅमेऱ्याचा विषय निघाला, तर झूमचा आकडा आणि मेगापिक्सेलचा आकडा यांची तुलना थोडी लांबणीवर टाकावी. आधी वही काढून आपले वर्षाचे दिवस कोठे आणि किती उजेडात जातात ते मांडावे. पक्षी, मैदानावरचा खेळ, किल्ल्याचे दूरचे बुरूज हे विषय मनापासूनचे असतील आणि पुढचा खर्च नको असेल, तर ब्रिज कॅमेरा निःशंकपणे घ्यावा. घरातील वडीलधारे व लेकरे, समारंभाची संध्याकाळ, मंद उजेडाच्या खोल्या हे विषय असतील, तर मिररलेस घ्यावा. परंतु किट लेन्सवर न थांबता मोठ्या तोंडाच्या लहान लेन्सचे पैसे पहिल्याच दिवशी हिशेबात धरावेत. आणि कॅमेरा कोणताही आला, तरी त्या संध्याकाळी पहिला फोटो घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीचा, खिडकीशी बसवून, फ्लॅश न लावता घ्यावा.