चढणीचं पाणी

उज्जैनला राहणाऱ्या माणसानं मासेमारीचा धंदा धरला असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. त्यात त्याची चूक नाही. महाकाळाची नगरी ती. रामघाटावर यात्रेकरू माशांना कणकेच्या गोळ्या घालतात आणि पाण्यात हात बुडवून नमस्कार करतात. शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभारलं, पुढं बायजाबाईंनी गोपाळ मंदिर बांधलं, आणि त्या सगळ्या काळात दक्षिणेतून आलेली मराठी माणसं इथलीच होऊन गेली. अशा गावात मासा पुण्य जोडायला असतो. त्यावर पोट भरायचं म्हणजे गावाबाहेरच जायला हवं.

आम्ही जातीनं भोई, मूळचे तापीकाठचे. पालखी खांद्यावर घ्यायची, नाव चालवायची आणि जाळं टाकायचं, ही भोयाची तीन कामं. पालख्या गेल्या, पूल झाले, जाळं तेवढं उरलं. माझ्या वडिलांनी तेही सोडलं. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि उज्जैनला येऊन ते गिरणीत साच्यावर लागले. "पाणी कधी पगार देत नाही," असं ते म्हणत. महिन्याच्या महिन्याला हातात पडणाऱ्या पगाराचा त्यांना फार अभिमान होता. मीही त्यांच्यामागोमाग त्याच गिरणीत शिरलो. नव्वदच्या दशकात माळव्यातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यात आमचीही गेली. बापलेक एकाच दिवशी घरी बसलो. देणी निघतील, निघतील म्हणता दोन दिवाळ्या गेल्या. घरात बायको, दोन वर्षांची मुलगी आणि उधारीची वही.

तेव्हा मामांचं पत्र आलं. मामा चंबळेवरच्या गांधीसागर धरणावर, रामपुऱ्याच्या बाजूला, पुष्कळ वर्षं मासेमारी करत होते. पत्रात चारच ओळी होत्या. एक डोंगी जास्तीची पडून आहे, वल्हं मारायला माणूस नाही, भाच्याला पाठवून दे.

वडिलांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आई तेवढी म्हणाली, "जा रे बाबा. क्षिप्रा तिकडंच जाते."

ते खरंच होतं. इंदुरापलीकडच्या टेकड्यांतून निघालेली क्षिप्रा उज्जैनवरून उत्तरेला जाऊन चंबळेला मिळते आणि ते पाणी गांधीसागरात अडतं. १९६० साली हे धरण पुरं झालं, पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चंबळेच्या खोऱ्यातली दोनशेहून अधिक गावं त्यानं कमीजास्त गिळली. घाटावर आंघोळ केलेलं पाणीच माझ्याआधी तिथं पोचलेलं होतं.

*

मी गेलो तो नेमका बंदीच्या दिवसांत. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. धंदा शिकायला जावं आणि धंद्याला कुलूप असावं, याचं मला नवल वाटलं. मामा हसले. म्हणाले, "हेच शिकायचे दिवस असतात, भाच्या. बाकीचे दिवस कमवायचे."

त्या दोन महिन्यांत मी एकही मासा पकडला नाही. डोंगी पालथी घालून तिच्या फळ्यांच्या फटीत सुतळी ठोकली, वरून डांबर फासलं. नायलॉनच्या उभ्या जाळ्याचा एकेक आस तपासून फाटलेला विणला. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. मामा तो बोटांनी मोजत. चार बोटं आत गेली पाहिजेत. लहान आसाचं जाळं पोटात पिल्लंही ओढून घेतं, आणि आज पिल्लू खाल्लं की दोन वर्षांनी उपाशी राहावं लागतं. वरच्या दोरीला तरंगणारी बुचं, खालच्या दोरीला वजनं, की जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मासा त्यात डोकं घालतो, धड जाड असल्यामुळे पुढं सरकत नाही, मागं फिरावं तर कल्ले अडकतात. इतकी साधी युक्ती. पण दोरी कुठं ताणायची आणि कुठं सैल सोडायची यातच सगळं आहे. वरच्या थराला कटला फिरतो, मधल्या पाण्यात रोहू, तळाला मृगळ, त्याला तिकडं नरैन म्हणतात. ज्याला जो हवा त्यानं त्या खोलीवर जाळं बांधायचं.

आणि बाहेर पाऊस. चंबळ गढूळ होऊन धरणात घुसायची, आणि खोल पाण्यातले मासे त्या लोंढ्याच्या तोंडावर वर चढायचे. कोकणात याला वलगण म्हणतात, आपल्याकडे चढणीचे मासे. पोटात अंडी घेऊन मासा उथळ, नव्या पाण्याकडे निघतो. समुद्रापारच्या सॅमन माशाबद्दल मी पुढं वाचलं. तो नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत, धबधब्यांवरून उड्या मारत परततो. पॅसिफिकमधला सॅमन तर अंडी घालून तिथंच मरतो. आपले मासे मरत नाहीत, ओझं उतरवून खोल पाण्यात परततात. मुंबईच्या बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण तो त्याचा मानलेला भाऊ. चढण ओळखली तर आपला रोहूच त्याला जवळचा वाटतो.

चढणारा मासा आंधळा असतो. नाल्याच्या तोंडाशी जाळं आडवं लावलं की पोतं भरतं. श्रावणाच्या तोंडावर एक व्यापारी रात्री झोपडीशी आला. रोख देतो म्हणाला, जागेवर, शिवाय आगाऊ. माझ्या खिशात तेव्हा उज्जैनला जायच्या भाड्याचेही पैसे नव्हते आणि बायकोच्या पत्रात मुलीच्या तापाचं लिहिलेलं होतं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी विडी विझवली आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, बाळंतिणीच्या खोलीत चोरी करायले मले नाई जमत." तो गेल्यावर त्यांनी मडक्यातून काढून साठ रुपये माझ्या हातावर ठेवले. उधार म्हणून. ते मी कार्तिकात फेडले.

*

१६ ऑगस्टच्या संध्याकाळी पहिलं जाळं टाकलं. अमावास्येकडच्या रात्री बऱ्या, कारण चांदण्यात माशाला जाळं दिसतं. त्या रात्री ढग होते. मी वल्हं मारत होतो, मामा हातातून जाळं सोडत होते, मधेच म्हणत, "हळू. पाण्याले कळू देऊ नको." पहाटे जाळं ओढायला लागलो तर ते जड लागलं. पहिला वर आला तो एक कटला, मोठ्या डोक्याचा, डोंगीत पडल्यावर त्यानं शेपटीनं असा तडाखा दिला की मी वल्हं सोडलं. त्याच्यामागं रोहू, एक पढिन, बाकी किरकोळ.

उजाडता काठावरच्या काट्यावर माल गेला. तिथली पद्धत तेव्हा कळली. धरणातला मासा मच्छीमाराच्या मालकीचा नसतो. पकडायचा त्यानं, पण विकायचा तो ठरलेल्या ठेक्यालाच. मोठ्या जातीचा अमुक, लोकल मोठा तमुक, किरकोळ आणखी कमी, असा दर किलोमागं मजुरी म्हणून मिळायचा. माल बर्फात घालून ट्रकनं दिल्ली, हावड्याकडे जायचा. माझ्या कटल्याची जी मजुरी आली, तेवढ्यात उज्जैनच्या बाजारात त्याचं डोकंही मिळालं नसतं. गिरणीत मी कापड विणायचो आणि लुंगी उधारीवर घ्यायचो. इथं तेच चाललं होतं.

लहान होडीच्या धंद्याचं कुलूप सगळीकडे कुठं ना कुठं असतंच. अलास्कात १९७३ सालच्या कायद्यानं सॅमनच्या परवान्यांची संख्या बांधून टाकली. तिथं नव्या माणसाला आधी कुणाचा तरी परवाना विकत घ्यावा लागतो, आणि तो होडीहून महाग पडू शकतो. ब्रिस्टल उपसागरात तर होडी बत्तीस फुटांहून लांब चालत नाही, आणि १९५१ पर्यंत तिथं इंजिनालाही बंदी होती, शिडावर मासेमारी करत. तिकडचं कुलूप दारात शिरताना लागतं, आमचं माल विकताना. मी गेलो त्याच सुमारास नर्मदाखोऱ्यात निराळं काही घडत होतं. बर्गीच्या धरणावर १९९४ साली आणि तवा धरणावर १९९६ साली विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघांना मासेमारीचे हक्क मिळाले. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांनीच त्या पाण्यातला मासा पकडायचा आणि विकायचा. तव्याचा करार २००६ साली संपला आणि पुढं तो हक्क राहिला नाही. पण काट्यावर उभं राहून मजुरी मोजताना आम्ही त्यांची गोष्ट पुष्कळदा बोललो. हे होऊ शकतं, एवढं तरी त्यातून कळलं होतं.

*

धरणाचं पाणी हे नदीचं पाणी नव्हे. पावसाळ्याअखेर पलीकडचा काठ दिसत नाही, आणि वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा येतात. खाली मात्र गाव असतं. झाडांची खोडं, विहिरींची तोंडं, देवळांचे ओटे. जाळं त्यात अडकलं की निम्मं तिथंच ठेवून यावं लागतं. माझं पहिलं स्वतःचं जाळं, व्याजानं पैसे काढून घेतलेलं, मार्गशीर्षात असंच एका चिंचेच्या खोडानं खाल्लं. ते कर्ज फिटायला तिसरं वर्ष उजाडलं.

जुने मच्छीमार जागा सांगताना बुडालेल्या गावांच्या खुणांनीच सांगायचे. आज पाटलाच्या खळ्यावर टाकलं, उद्या शाळेमागं टाकू. मी ती गावं पाहिलेली नव्हती, पण पाण्यावरून मला ती पाठ झाली. वैशाखात पाणी उतरलं की खरंच पाये उघडे पडत, गाळात लोक पिकं घेत, आणि एखादा म्हातारा येऊन एका चौथऱ्यावर उगाच बसून राही. त्याच्याशी कुणी बोलत नसे.

त्या पहिल्या वर्षीच पौषात वडील आले. न कळवता. माळकरी माणूस, मासळीच्या वासात कसे राहतील याचीच मला धास्ती. ते झोपडीपासून दूर दगडावर बसले. मी फाटलेलं जाळं विणत होतो. बराच वेळ त्यांनी पाहिलं, मग म्हणाले, "गाठ सैल बसते तुझी. आण इकडं." मी जाळं त्यांच्या मांडीवर दिलं. तीस वर्षं साच्यावर गेलेली ती बोटं. पण काठी, दोरा, फेरा, गाठ, त्यांना काही आठवावं लागलं नाही. दिवस मावळेपर्यंत त्यांनी हातभर जाळं विणलं. मामा जवळ येऊन उभे राहिले, म्हणाले, "दाजी, तुम्ही तर म्हणत होते इसरलो." वडील काही बोलले नाहीत. जेवायला त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली, त्यांनी भाकरी आणि तिखट खाल्लं. दुसऱ्या दिवशी जाताना म्हणाले, "पाणी पगार देत नाही. पण कामावरून काढतही नाही." पुन्हा त्यांनी गिरणीचा विषय माझ्यापाशी काढला नाही.

*

आता पुष्कळ पाणी वाहून गेलं. २०१४ साली नर्मदेचं पाणी नळांतून क्षिप्रेत आलं, २०१६च्या सिंहस्थाला लोक त्यात न्हाले. २०२८च्या सिंहस्थाची तयारी उज्जैनला चालू आहे. नदीला पाणी आलं, पण जागोजाग बंधारेही आले, आणि चढणीचा मासा बंधाऱ्याला डोकं आपटून मागं फिरतो. २०११ साली मध्य प्रदेशानं महसीर राज्याचा मासा ठरवला, आमच्याकडचा बाडस तो; त्याला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं, आणि तेच कमी झालं. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ च्या दरम्यान पाडून टाकली, तर सॅमन परत वर चढला. आपल्याकडे धरणं पाडा असं कोण म्हणेल? त्यावर शेतं आणि शहरं जगतात. पण बंधाऱ्याच्या बाजूनं माशाला चढायला पायऱ्यांची वाट ठेवता येते, हे काही न जमण्यासारखं नाही.

२०१९च्या सप्टेंबरात चंबळेला पूर आला आणि रामपुऱ्यात पाणी शिरलं, तेव्हा आमच्या होड्या गल्ल्यांतून फिरल्या. ज्या लोकांनी काट्यावर आम्हाला कधी बसायला सांगितलं नव्हतं, त्यांच्या म्हाताऱ्यांना आम्ही गच्चीवरून उतरवून घेतलं. मामा तेव्हा नव्हते. त्यांची डोंगी होती.

अजूनही नवी पोरं येतात. हातात मोबाइल असतो, वारा किती सुटणार ते त्यावर पाहतात. ते चांगलंच आहे. विचारतात, काका, किती भांडवल लागेल, किती सुटतील. मी त्यांना आकडे सांगतो, काट्यावरच्या दरासकट, काही लपवत नाही. मग म्हणतो, यायचंच असेल तर जूनच्या मध्यावर या. दोन महिने मासा मिळणार नाही, पैसा मिळणार नाही, नुसतं डांबर आणि दोरा. बरेच जण तिथंच उठतात. जो आषाढात आला आणि बंदी संपेपर्यंत टिकला, त्याला १६ ऑगस्टच्या संध्याकाळी जाळं कुठं सोडायचं ते मी स्वतः दाखवतो. पाटलाच्या खळ्यावर, चिंचेपासून जरा अलीकडे.